राखाडी केपचं अस्तर

त्या घरात कपाटं दोन आणि पक्षही दोन. खिडकीजवळच्या कपाटात वज्र प्रकाशनाच्या चित्रकथांचे अंक, दाराजवळच्या कपाटात धूमकेतू प्रकाशनाचे. मधल्या साडेचार फुटांत शिलाई मशीन, आणि मशीनवर वहिनी.

वहिनी या घरची सून. पण नणंद दिवसातून पन्नास वेळा "वहिनी गं" करायची, त्यामुळे अख्खी इमारत तिला वहिनीच म्हणू लागली. अकरा वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली तेव्हा नणंद चौदा वर्षांची होती आणि महिनाभर तिच्याशी चकार शब्द बोलली नव्हती. मग एका दुपारी वहिनीनं आपल्या ट्रंकेतून वज्रचे अंक बाहेर काढले. नणंद फणकारली, "शी! तू हे वाचतेस?" त्या एका 'शी'नं जी तोंडं उघडली, ती अजून मिटलेली नव्हती.

आता नणंद इस्पितळात नर्स होती, पण पक्ष बदलला नव्हता.

"तुझा तो आभाळसिंह," ती चपला काढता काढताच सुरू करायची, "सात मजल्यांवरून पडतो आणि पुढच्या पानावर केसांचा भांगही मोडत नाही. आमच्याकडे पलंगावरून पडलेल्या माणसाला टाके पडतात. धूमकेतूवाल्यांचं बघ. त्यांच्या नायिकेला, राखाडीला, पाचव्या अंकात जखम झाली, ती आठव्या अंकापर्यंत भरत होती. पट्टीसुद्धा बदललेली दाखवली."

"पट्टी बदलेल, पण कपडे?" वहिनी मशीन न थांबवता म्हणायची. "त्या राखाडीची केप गळ्याशी एका बटणावर लोंबते. एक झुळूक आली की बाईला फास! आमच्या आभाळसिंहाची केप बघा वन्सं, खांद्याच्या शिवणीत बसवलेली. जो माणूस कपडा नीट घालतो, तो जगही नीट वाचवतो."

एरवी नणंदेला 'अगं ए', पण भांडणात मात्र 'वन्सं' आणि 'बघा'. दादा, म्हणजे एकीचा नवरा नि दुसरीचा भाऊ, हा शहाणा माणूस. तो फक्त शब्दकोडी सोडवायचा.

एकदा भांडण फारच रंगलं आणि पैज लागली. दोघींपैकी जी दुसरीच्या कंपनीचा अंक वाचताना सापडेल, तिनं त्याच कंपनीची केप अंगावर घालून रविवारी सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायचे. केप शिवायची वहिनीनंच, मग हरो कुणीही.

पैज ऐकायला गमतीची होती, पण रविवारी सकाळी त्या गच्चीवर सगळी इमारत जमायची. शाळेच्या मोठ्या बाईसुद्धा यायच्या, ज्यांचे कोट वहिनीशिवाय कुणाच्या हातचे चालत नसत. वहिनीचा टाका आजवर चुकला नव्हता. तिला त्या गच्चीवर मान होता, आणि तो आता एका केपला टांगलेला होता.

आणि नेमकं तेव्हाच वहिनीला राखाडीचं वेड लागलं.

कसं, ते तिचं तिलाही सांगता येईना. एका दुपारी इस्त्री तापेपर्यंत चार पानं चाळली, बस्स. पण ती राखाडी दिवसा कारकुनी करायची, संध्याकाळी शहर वाचवायची आणि मधल्या वेळात तिची दाढ दुखायची. दाढ दुखणारी नायिका वहिनीनं जन्मात पाहिली नव्हती. मग रोज दुपारी नणंद कामावर गेली की इस्त्री तापायची आणि वहिनी दाराजवळच्या कपाटापाशी. मशीनवर बसल्यावर ओठांवर आपसूक ओवी यायची:

नणंद माझी बाई, काटेरी गं बोर
फळ टाकी पदरात, वर मला म्हणे चोर

चोरी पचलीही असती. पण शिंपिणीचा हात! काम जिथं थांबेल तिथं टाचणी लावायची, ही बोटांची वीस वर्षांची सवय. वाचलेल्या पानाच्या कोपऱ्याला ती टाचणी लावायची, दुसऱ्या दिवशी तिथून पुढं. शेवटचं पान आलं की टाचणी काढू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

त्या आठवड्यात राखाडीच्या गोष्टीला काहीतरी झालं. वहिनी चरफडू लागली. आणि बुधवारी जेवताना नणंद म्हणाली, "धूमकेतूसारखी गोष्ट विणणं वज्रवाल्यांच्या सात पिढ्यांना जमायचं नाही."

वहिनीचा घास हातातच राहिला. "विणणं? उसवणं म्हणा! अठराव्या पानावर ती पुलावर धडधाकट उभी, आणि पुढं बघावं तर हात गळ्यात! कधी मोडला, कुणी मोडला, काही ताळतंत्र? नर्स ना तुम्ही वन्सं? चालतं तुम्हाला हे?"

बोलून झालं आणि मग वहिनीला आपलंच वाक्य ऐकू आलं. दादानं हळूच पाण्याचा पेला उचलला आणि त्याच्याआड तोंड लपवलं.

"कोण गं, राखाडी? तू ओळखतेस तिला?" नणंदेचा आवाज मधात बुडवलेला.

"लोक बोलतात."

"पान नंबर सांगून?" नणंद उठली, अंक घेऊन आली आणि वहिनीपुढं उघडला. एकोणीस ते बावीस, चारही पानांवर हात कसा मोडला त्याचं सविस्तर वर्णन. "टाचणी अठरावर होती. मी फक्त उचलून बावीसवर लावली. गोष्ट उसवलेली नाही वहिनी, चार पानं तू गिळलीस!"

दादाला ठसका लागला.

आवराआवर झाल्यावर वहिनी आपल्या कपाटाशी गेली आणि वज्रचा त्रेसष्टावा अंक काढला. पानाला नाक लावलं. गेले दोन महिने तिच्या अंकांना स्पिरिटचा वास येत होता. तिला वाटलं होतं, इस्पितळाचे कपडे घरात असतात, लागत असेल. तिनं पुन्हा एकदा वास घेतला, आणि तिच्या गालावर बारीकशी खळी पडली.

दुसऱ्या दिवशी ती कापडाचा गठ्ठा घेऊन आली, वर राखाडी. सोबत थोडं केशरी.

"तीन मीटर?" दादानं विचारलं.

"घेर असतो," वहिनी म्हणाली.

केप शिवताना तिनं दार लावून घेतलं. एका बटणावर लोंबणारी केप शिवणं तिच्या हाताला जमेना. तिनं ती खांद्यापाशी नीट बसवली, राखाडीची दाढ दुखते तर निदान मान तरी मोकळी राहावी म्हणून. मग आतून अस्तर घातलं.

रविवारी गच्ची भरली होती. वहिनी बादली घेऊन वर आली, पाठीवर राखाडी केप, आणि चेहरा असा, जणू जन्मापासून हेच घालते आहे. कुणीतरी शिटी वाजवली. मोठ्या बाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यावर चढवला. वहिनीच्या कानाच्या पाळ्या तापल्या, पण हात चादरी झटकत राहिले. नणंद पाण्याच्या टाकीला टेकून पोट धरून हसत होती.

आणि वारा आला. केप फडफडून उलटी झाली. आतलं अस्तर केशरी, त्यावर सात पांढऱ्या पाकोळ्या.

"अगं ए!" नणंद ओरडली. "ही फसवणूक आहे! हे अस्तर राखाडीचं नाहीच, हे आभाळसिंहाचं!"

वहिनीनं चादरीला चिमटा लावला. दुसरा लावला. मग सावकाश वळली.

"ते अस्तर," ती म्हणाली, "अख्ख्या वज्रमध्ये एकदाच दिसलंय. त्रेसष्टावा अंक, दीपस्तंभावरचं चित्र. एरवी त्याची केप आतून कुणी पाहिलेलीच नाही. तुम्ही कुठं पाहिलीत वन्सं?"

गच्चीवरच्या सगळ्या माना इकडून तिकडं वळल्या.

"लोक बोलतात," नणंद अखेर पुटपुटली.

"पाकोळ्या मोजून?" वहिनीनं बादली तिच्या हातात दिली.

मोठ्या बाई जवळ आल्या, केपची कड उचलून खांद्याची शिवण निरखू लागल्या. "सुरेख बसलीय हो," त्या म्हणाल्या. "किती कापड लागलं?"

"दीड मीटर, बाई," वहिनी म्हणाली, आणि बादलीच्या तळाशी घडी घालून ठेवलेली दुसरी, आभाळसिंहाची केप काढून नणंदेच्या खांद्यावर टाकली.