ढोलाची जागा

"ढोल आला का?" आनंदराजनं गॅलरीतून वाकून पुन्हा विचारलं.

"आला, आला. जीव नका खाऊ सर." लग्नाच्या बँडचा भलामोठा ढोल पाठीवर घेऊन पाशामियाँ धापा टाकत जिना चढत होता. "नांदेडहून येष्टीच्या टपावर बांधून आणला. कंडक्टर म्हणतो, मियाँ, याचंबी तिकीट काढा."

एरवी आनंदराज हसला असता. आज तो ढोलाला हात द्यायला धावतच जिना उतरला.

लातुरात तेव्हा गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागत होत्या आणि आनंदराजसारख्या शाळेत संगीत शिकवणाऱ्या माणसाला कुत्रं विचारत नव्हतं. वर्षानुवर्षं तो रागदारीच्या पायावर नव्या रचना लिहायचा, व्हायोलिन, बासरी आणि गळा एकत्र बांधून, आणि ट्रंकेत ठेवून द्यायचा. त्याचे वडील निवृत्ती हे लोहा गावच्या गायन पार्टीत भीमगीतं गायचे. ते म्हणायचे, "आमच्या गाण्यावर गाव डोलतं. तुझं कोण ऐकून राहिलं रे?" खरंच होतं ते. आपली एकही रचना त्यानं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजलेली ऐकली नव्हती. भूकंपाच्या स्मृतिदिनी साहेबराव सरांनी आपल्या क्लासचा वरचा हॉल दिला, तेव्हा त्याला वाटलं, एकदा, निदान एकदा, कानांनी पुरती ऐकू दे. मग ट्रंकेला आग लागली तरी चालेल.

गाणार होती सिंधु. किल्लारीजवळच्या गावची. भूकंपात तिचं सगळं घर गेलं, मावशीनं लातुरात वाढवलं. त्या रात्रीबद्दल ती कुणाशी बोलायची नाही. एकदाच, तंबोरा लावताना, आपणहून म्हणाली होती, "आधी आवाज आला सर. जमिनीच्या पोटात ट्रॅक्टर चालल्यावानी."

आनंदराजनं घरी जाऊन तो आवाज ढोलासाठी लिहिला. पाशामियाँला नांदेडमध्ये गाठून त्याच्याकडून तो वेगळा बसवून घेतला. सिंधुला मात्र सांगितलं नाही. तालमीत कळलं तर गळा सावध होतो, आणि त्याला सावध गळा नको होता. कलावंताची खोड म्हणा, नाहीतर निव्वळ निर्दयपणा म्हणा.

हॉल पोरांनी गच्च भरला. मेसचे रिकामे डबे खिडकीत एकावर एक रचले होते. साहेबराव सर दारात घड्याळ बघत उभे, कारण खाली परीक्षा व्हायची होती. आनंदराजनं हात उचलला. बासरी निघाली, व्हायोलिनं तिच्या मागून आली आणि सिंधुनं मंद्रातून असा काही सूर लावला की मागच्या बाकावरची कुजबुज थांबली.

मग पाशामियाँची काठी ढोलावर पडली. आधी ऐकू येईल न येईलशी, मग फरशीतून पायात चढणारी. खिडकीतले डबे थरथरले, वरचा खाली पडला.

"पळा! भूकंप!"

अख्खा हॉल उठला. बाकं उलटली, पोरं जिन्याकडे धावली. सिंधु हलली नाही. तोंड उघडं, डोळे फरशीवर, दोन्ही मुठी ओढणीत आवळलेल्या. पाशामियाँ आनंदराजकडे बघत होता. थांब म्हटल्याशिवाय थांबायचं नाही, असं त्याला बजावलेलं होतं. आणि आनंदराजचा हात थांब म्हणत नव्हता. ढोल कागदावर होता त्याहून भयंकर वाजत होता, सुंदर वाजत होता, आणि तो ऐकत होता. सिंधुकडे बघत बघत ऐकत होता.

मग त्यानं धावत जाऊन कातड्यावर पंजा ठेवला.

नशीब, कुणाला लागलं नाही. जिन्यात चपलांचा खच पडला होता.

"एखादं पोरगं जिन्यात चेंगरलं असतं तर?" साहेबराव सर ओरडले. "आईबापाला काय तोंड दावलं असतं मी? बंद करा हे."

आनंदराजनं मान खाली घातली. सिंधु आता भिंतीला टेकून बसली होती. तो जवळ गेला.

"त्यो आवाज मी तुमाला सांगितला होता," ती म्हणाली. "वाजवायला न्हवता सांगितला."

"चुकलं माझं, सिंधु."

"मी हितं असताना कसं काय वाजवलं सर?"

लाजेनं त्याचे कान तापले. पोरं ओशाळून, एकमेकांना ढकलत परत येत होती. बऱ्याच वेळानं सिंधु उठली, पाणी प्यायली. साहेबराव सरांना म्हणाली, "माझ्या मान्सांसाठी गायला आले मी. गाऊन जाते." आणि आनंदराजकडे न बघता, "त्यो ढोल नको."

ढोल काढला तर सगळी रचना पोकळ होत होती. व्हायोलिनं, बासरी, गळा, सगळं त्याच्यावर उभं केलेलं होतं. आनंदराजनं पाशामियाँला खूण केली.

"न्हाई वाजवू?" पाशामियाँनं हळूच विचारलं.

"नाही. खाली नेऊन ठेवा."

साहेबराव सरांनी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. ढोलाची जागा आली. बासरी थांबली, व्हायोलिनं थांबली, आणि खाली काहीच नव्हतं. लिहिल्याप्रमाणे सिंधुनं इथे वरचा षड्ज घ्यायचा होता. तिनं डोळे मिटले, पण सूर घेतला नाही. वादक आनंदराजकडे बघू लागले.

ती केव्हा सुरू करील हे त्यानं कुठेच लिहिलेलं नव्हतं. हात तसाच वर धरून तो तिच्यासाठी थांबून राहिला.