कॉलीनच्या नावाचं जेवण

चांगलं माणूस काम सोडून गेलं की मालक लोकांचं एक वाक्य ठरलेलं असतं. हल्ली कुणाला निष्ठाच राहिलेली नाही, म्हणतात. वॉल्टर टेश्केसुद्धा ते म्हणायचा. कॉफी पिताना म्हणायचा, गाडी चालवताना म्हणायचा, आणि कॉलीन जेलिनेकच्या रिकाम्या टेबलावरून जाताना तर मनातल्या मनात दोनदा म्हणायचा.

विस्कॉन्सिनमधल्या एका लहान गावात वॉल्टरचं ऑर्गनचं वर्कशॉप होतं. चर्चमधले ते उंचच्या उंच नळ्यांचे ऑर्गन असतात ना, ते. जुने दुरुस्त करायचे, क्वचित एखादा नवा बांधायचा, आणि नाताळ आणि ईस्टरच्या आधी आसपासच्या चर्चमध्ये जाऊन सूर लावून द्यायचे. कामाला माणसं चारच, आणि त्यात कॉलीनचं काम सगळ्यात नाजूक. नवी नळी म्हणजे नुसतं धातूचं नळकांडं. कॉलीन तिच्या तोंडाशी बारीक चिरा पाडायची, नळीचा धातूचा ओठ केसभर आत ढकलायची, हवा सोडून ऐकायची, मान हलवायची, पुन्हा करायची. तासाभराने ती नळी बोलायला लागायची. एकवीस वर्षं कॉलीन हे करत होती. आणि जूनमध्ये ती गेली. कुठे, तर हायवेवरच्या त्या अवाढव्य गोदामात, खोकी भरायला!

वॉल्टरला ते लागलं होतं. राग तर होताच, पण रागाखाली दुसरंच काहीतरी होतं. कुठल्याही चर्चमध्ये सूर लावायला गेला की पट्टीवर बोट ठेवल्याबरोबर त्याला कॉलीन ऐकू यायची. हा मऊ सूर तिने त्या बर्फाच्या वादळाच्या आठवड्यात काढला होता, हा जरासा नाकात बोलणारा सूर तिने हट्टाने तसाच ठेवला होता. सगळ्या जिल्ह्यात तिचा आवाज भरून राहिला होता आणि ती मात्र नव्हती. घरी जाताना तो सरळ रस्ता सोडून हायवेने जायचा. गोदामाच्या पार्किंगमध्ये तिची निळी गाडी दिसली की वेग कमी करायचा. थांबला मात्र कधीच नाही.

त्याला सगळ्यात जास्त कशाचं वाईट वाटत होतं, ते सांगते. कॉलीनचा नवरा डेल कागदाच्या गिरणीत होता. गिरणी बंद पडली, त्याबरोबर नोकरीतून मिळणारा घरच्यांचा आरोग्य विमाही गेला, आणि त्याच हिवाळ्यात डॉक्टरांनी सांगितलं की डेलच्या हृदयाची झडप खराब झाली आहे. कॉलीनने स्वतःच्या पैशाने विमा घ्यायची चौकशी केली, पण त्याचा हप्ता घराच्या हप्त्याच्याही वर जात होता. मग गावाने केलं काय? गाव नेहमी करतं तेच. उपचारांना पैसे जमवायला चर्चच्या तळघरात स्पॅगेटीचं जेवण ठेवलं. गावातल्या प्रत्येक बारमध्ये डेलचा फोटो चिकटवलेली पैशांची बरणी ठेवली. तिकिटं विकून मांसाच्या पाकिटांची सोडत काढली. बायकांनी परातीच्या पराती गोड वड्या भाजल्या. तीनशे लोक जेवले, आणि वॉल्टर स्वतः ॲप्रन बांधून चार तास सॉस ढवळत उभा होता. आपण एवढं केलं, आणि तीन महिन्यांत ही बाई राजीनामा देते!

डिसेंबरच्या आठ तारखेला वॉल्टर ल्युथरन चर्चमध्ये सूर लावायला गेला. तिथे ऑर्गन वाजवायच्या आर्डिस होल्म. वय एकोणऐंशी. लहानपणी वॉल्टरला रविवारच्या शाळेत त्यांनीच शिकवलं होतं, त्यामुळे एकसष्टाव्या वर्षीही तो त्यांना मिसेस होल्मच म्हणायचा. काम झाल्यावर त्यांनी थर्मासमधली कॉफी ओतली आणि वॉल्टरने आपलं ठरलेलं वाक्य म्हटलं. मिसेस होल्मनी सगळं ऐकून घेतलं, जेवणाचं, सॉसचं, निष्ठेचं.

मग त्या म्हणाल्या, "तू सॉस ढवळत होतास, वॉल्टर. मी दारात होते, कॉलीनच्या शेजारी. ती तीनशे लोकांना धन्यवाद म्हणाली. एकेकाला, हात धरून. तू कधी एका संध्याकाळी तीनशे जणांचे आभार मानले आहेस?"

वॉल्टर म्हणाला, लोकांनी प्रेमाने केलं.

"प्रेमानेच केलं. म्हणून तर तिला नको म्हणता आलं नाही. शेवटी भांडीसुद्धा तिनेच घासली. आणि त्यातून निघाली फक्त थोड्या दिवसांची औषधं."

"आमचं वर्कशॉप म्हणजे एक कुटुंब आहे, मिसेस होल्म."

"हो का? मग घरचं माणूस आजारी पडल्यावर तुम्ही त्याचा फोटो लावून बारमध्ये बरणी ठेवता?"

वॉल्टरने कॉफीचा कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला की कामगारांना विमा देणं त्या गोदामासारख्या मोठ्या कंपन्यांना परवडतं, आपल्याकडे आता उरलीत तीन माणसं. यावर मिसेस होल्म हसल्या. चर्चच्या बालवाडीचं कार्यालय त्याच बघायच्या. बालवाडीत शिक्षिकाही तीनच, आणि त्यांचा विमा गेली सहा वर्षं सरकारी विमा बाजारातून घेतलेला होता. त्यांनी त्याला समजावून सांगितलं: लहान मालकांसाठी तिथे वेगळा कप्पा असतो. मालक आणि त्याची बायको सोडून एक कामगार असला तरी पुरे. संगणकावर पात्रता तपासायची, योजना शेजारीशेजारी लावून बघायच्या, मग एजंटाला धरून नोंदणी करायची. पूर्ण वेळ काम करणाऱ्या प्रत्येकाला विमा देऊ करावा लागतो. लाडक्याला दिला आणि बाकीच्यांना नाही, असं चालत नाही. निम्मा हप्ता मालकाने भरला आणि पगार फार मोठे नसले, तर दोन वर्षं करातही सूट मिळू शकते.

वॉल्टर म्हणाला, ईस्टर झाला की बघतो, आत्ता तर नाताळची धावपळ आहे.

ही या धंद्यातली जुनी खोड. नोव्हेंबरच्या मध्यापासून ऑर्गनवाले घरी सापडतच नाहीत. पत्रं, फॉर्म, सह्या, सगळं एका पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकतात आणि जानेवारीत उघडतात.

"ईस्टरनंतर गेलास तर दहातल्या सात जणांनी होय म्हणावं लागेल," मिसेस होल्म म्हणाल्या. "तुझे तिघं होय म्हणतील? वर्षातून एक महिना ही अट नसते. पंधरा नोव्हेंबर ते पंधरा डिसेंबर. आज आठ तारीख आहे."

"आणि मी केलं, तर कॉलीन परत येईल?"

"ते मला ठाऊक नाही. पण तिला ओढून आणायला करणार असशील, तर ती दुसरी बरणीच झाली, बाबा."

दुसऱ्या दिवशी वॉल्टरने वर्कशॉपमध्ये तिघांना विचारलं. चोवीस वर्षांचा ट्रॅव्हिस, जो रविवारी गोठलेल्या तळ्यावर हॉकी खेळायचा, म्हणाला की मी कधी आजारी पडत नाही. म्हातारा लायल म्हणाला की सरकारच्या कागदावर सही केली की ते घरात शिरतात. ट्रॅव्हिस म्हणाला, "तुझ्या घरात शिरून काय मिळणार त्यांना, मांजर?" लायल म्हणाला, मांजर चांगलं आहे. दोघंही नाही म्हणाले. तिसरा नेंग थाओ, भात्यांचं कातडं कापणारा, मान खाली घालून कापत राहिला. वॉल्टरने मनात हिशेब केला. तिघांतला फार तर एक. मिसेस होल्म बरोबर होत्या. हा महिना गेला की दार बंद.

दुपारी बाकीचे जेवायला गेल्यावर नेंग त्याच्या टेबलाशी आला.

"ते विम्याचं कार्ड कधीपासून चालेल?"

एक जानेवारीपासून, वॉल्टर म्हणाला. का?

नेंगने सुरी पुसली, परत पुसली. गेलं दीड वर्ष त्याला जिना चढताना दम लागत होता. छाती वाजायची. तो डॉक्टरकडे गेला नव्हता.

"दीड वर्ष? अरे, मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी जेवण ठेवलं असतंत," नेंग म्हणाला. "माझी आई म्हातारी आहे, वॉल्टर. तिला दारात उभं करायचं नव्हतं मला."

वॉल्टरच्या आता लक्षात आलं. ज्या जेवणाचा आपण नऊ महिने अभिमान बाळगला, त्याच्या भीतीने एक माणूस आपल्यापासून दहा पावलांवर दम कोंडून काम करत होता! आणि आपण निष्ठा शोधत होतो! मालकावर विश्वास टाकता येईल असं आपण काय ठेवलं होतं या लोकांपुढे? चांगलं मन ठेवलं होतं. पण चांगलं मन दवाखान्याच्या खिडकीवर दाखवता येत नाही.

बारा तारखेला त्यांना ग्रीन बे शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये सूर लावायला जायचं होतं. एकतीस वर्षांत वॉल्टर तिथे एकदाही उशिरा पोचला नव्हता. त्याने फोन उचलला आणि सांगितलं की तीन दिवस उशीर होईल. तिथल्या गायनप्रमुख बाई भलत्याच चिडल्या. कुणी वारलं का, म्हणून त्यांनी विचारलं. वॉल्टर म्हणाला, नाही, कुणी वारू नये म्हणूनच उशीर होतोय.

मग दोन दिवस तो, मिसेस होल्म आणि एजंट एका जुन्या संगणकाभोवती बसून होते. वॉल्टर पासवर्ड तीनदा विसरला. एका जागी त्याने बायकोचं नाव कामगारांत घातलं, कारण वर्षानुवर्षं पगाराच्या चिठ्ठ्या तीच लिहायची, आणि ते काढून टाकावं लागलं. ट्रॅव्हिस आणि लायलने ‘आम्हाला विचारलं होतं आणि आम्ही नाही म्हटलं’ अशा कागदावर सह्या केल्या. नव्या माणसाला विम्यासाठी किती दिवस थांबायला लावायचं, असा एक प्रश्न होता. वॉल्टरने लिहिलं, एकही नाही. तेरा तारखेला दुपारी नोंदणी पूर्ण झाली.

त्याच दुपारी तो कॉलीनच्या घरी गेला. ती अंगणातलं बर्फ ओढत होती. डेल खिडकीत बसला होता. त्याने हात केला. वॉल्टरने रस्ताभर एक भाषण पाठ केलं होतं, पण तिला पाहिल्यावर त्यातलं काही उरलं नाही. सहा महिन्यांत ती बारीक झाली होती. त्याने नुसतं पाकीट पुढे केलं. म्हणाला, वर्कशॉपमध्ये विमा आलाय. नेंगने घेतलाय. जो कामाला असेल त्या प्रत्येकासाठी आहे.

ती थंडीतच उभी राहून वाचू लागली. एकेक पान, सावकाश. डेलचं ऑपरेशन फेब्रुवारीत होतं, गोदामाच्या विम्यावर, त्यामुळे त्याआधी ती हलू शकत नव्हती. हे तिने आधीच स्पष्ट सांगितलं. मग विचारायला लागली. माझा निम्मा हप्ता म्हणजे दर महिन्याला किती? डेल यात बसतो का, आणि त्याचे निम्मे तू भरणार की नाही? त्याचा डॉक्टर यादीत आहे का? तू पुढच्या वर्षी बंद केलंस तर आधी किती दिवस सांगशील?

वॉल्टरला पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं येत होती. बाकीची येत नव्हती.

"मग विचारून ये," कॉलीन म्हणाली आणि परत फावडं उचललं.

एकवीस वर्षांत तिने त्याच्याकडे स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आज ती त्याच्याशी घासाघीस करत होती, हक्काने, भुवई चढवून. गाडीत बसल्यावर वॉल्टरचे डोळे भरून आले. "येते" हा एक शब्द ऐकायला तो केवढा आसुसला होता, आणि तो शब्द मिळालाच नव्हता. तरी काहीतरी मिळालं होतं.

ग्रीन बेहून परतल्यावर उत्तरं घेऊन तो पुन्हा त्या दाराशी गेला. डॉक्टर यादीत होता. विमा बंद करायची वेळ आलीच तर तीन महिने आधी सांगेन, असं त्याने लिहूनच नेलं होतं. कॉलीनने कागद वाचला, घडी घातली.

"येत्या वर्षी ईस्टर कधी आहे?"

"पाच एप्रिलला."

"म्हणजे मार्चभर काम," ती म्हणाली, आणि त्याला आत बोलावलं.

वाचकहो, आपल्या ओळखीत असा एक तरी वॉल्टर असतो, मनाने सोन्यासारखा आणि कागदांचा कंटाळा असलेला. त्याला एवढंच सांगा: लोकांना जेवण जरूर घाल, लग्नाला घाल, निवृत्तीला घाल, पोटभर घाल. पण आजारी माणसाला ताटांच्या रांगेपुढे उभं करू नकोस. ज्याच्या हातांवर आपला धंदा उभा आहे, त्याच्या दुखण्याची सोय तो धडधाकट असतानाच करून ठेव. दया आपल्या सवडीने येते. हक्क मात्र माणसाच्या खिशात असतो, आणि दुखायला लागल्याबरोबर त्याला तो बाहेर काढता येतो.