स्वतःच्या तोंडून

न्यायाधीश प्रेस्टन ग्रिग्ज यांच्या कोर्टात ज्युरीच्या खुर्च्यांवरचं निळं कापड अजून नव्यासारखं होतं. अमेरिकेतल्या अपलाचियाच्या डोंगरातल्या त्या काउंटीत खून होत, दरोडे पडत, पण खटला चालला असं क्वचितच घडे. सरकारी वकील आणि आरोपीचा वकील बाहेरच्या बोळात, कॉफीच्या यंत्रापाशी, उभ्या-उभ्या शिक्षा ठरवून टाकत. आरोपी ‘केलं’ म्हणे, शिक्षेतली काही वर्षं कमी होत आणि सगळे वेळेवर जेवायला जात.

ग्रिग्ज साहेबांची मात्र एक अट होती. ‘मला काही म्हणायचं नाही, शिक्षा द्या’ एवढ्यावर काही न्यायाधीश भागवून घेतात, यांना ते चालत नसे. सौदा हवा असेल तर माणसानं उभं राहून, शपथेवर, स्वतःच्या तोंडून आपण काय केलं ते सांगायचं. सत्याच्या बाबतीत ते फार काटेकोर होते. सांगितलेलं खरं आहे का, ही चौकशी त्यांच्या खात्यात येत नव्हती.

ओरिन टॅकेट घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा. वय अठ्ठावन्न. मार्चमध्ये त्याचा भाचा रस्टी म्हणाला, “मामा, पाठ धरलीय, औषधाच्या दुकानापर्यंत सोड.” ओरिननं सोडलं आणि ट्रक चालूच ठेवून बाहेर थांबला, कारण स्टार्टर बिघडलेला होता. बंद केला असता तर ढकलायला माणसं गोळा करावी लागली असती. आतून आवाज आला. रस्टी पिस्तूल घेऊन धावत आला आणि म्हणाला, चल. ओरिननं पुलापर्यंत नेलं. तिथं रस्टी उतरून पळाला आणि ओरिन तसाच शेरीफच्या कचेरीत गेला. आपण होऊन पोलिसांकडे गेलं की बरं असतं, अशी त्याची समजूत होती.

दुकानाचे मालक हार्लन मलिन्स गोळी लागून जागीच गेले होते.

रस्टी सापडला आणि त्यानं मामाच्या आधी सौदा उरकला. मामाला सगळं ठाऊक होतं, एवढं सांगितल्यावर रस्टीची स्वतःची जन्मठेप तीस वर्षांवर आली. कायदा असा की दरोड्यात जो सामील, तो त्यातल्या मृत्यूलाही जबाबदार. चालू ठेवलेलं इंजिन पुराव्यात जमा झालं, बिघडलेला स्टार्टर झाला नाही.

सरकारकडून मिळालेली वकील मर्ना कॉस्टर शहरातून आलेली, हुशार आणि दमलेली बाई होती. तिनं तुरुंगात ओरिनला समजावून सांगितलं. ठाऊक नव्हतं म्हणालात तर खटला चालेल, हरलात तर खुनाबद्दल जन्मठेप. ठाऊक होतं म्हणालात तर खुनाचा आरोप मागे घेतील, फक्त दरोड्याला मदत, बारा वर्षं. ओरिननं ते दोनदा सांगायला लावलं. त्याला वाटलं, बाईंनी उलटसुलट केलंय.

“मला खरंच ठाऊक नव्हतं, वकीलबाई.”

“मला पटलंय ते.”

“मग?”

“ज्युरीला पटवायला माझ्याकडे तुमचा स्टार्टर आहे. त्यांच्याकडे रस्टी आहे.”

ओरिन बराच वेळ हाताच्या रेषांत बसलेली काजळी खरवडत राहिला. नोरीनची, त्याच्या बायकोची, फुप्फुसं कामातून गेली होती. बारा वर्षांनी ती असेलच असं नव्हतं, पण जन्मठेपेत तर प्रश्नच मिटत होता.

“देवाला कळेल हो,” मर्ना म्हणाली.

“देवाचं मी बघतो, बाई. सिस्टर आयडेलचं काय ते सांगा.”

आयडेल म्हणजे हार्लनची विधवा. मलिन्स आणि टॅकेट एकाच चर्चमध्ये जात; तिथं सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणत. अटकेनंतरच्या पहिल्या रविवारी आयडेल मुद्दाम नोरीनशेजारी जाऊन बसली होती. ब्रदर ओरिनला ठाऊक असणं शक्य नाही, असं तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून दर आठवड्याला ती नोरीनकडे बीन्स आणि मक्याची पोळी घेऊन जायची. भट्टीत लाकडं घालून यायची. नोरीनला दुसरं कुणी नव्हतं. आणि त्यांच्या चर्चचा रिवाज असा होता, की माणूस सगळ्यांसमोर उभा राहून आपल्याबद्दल जे कबूल करतो, त्यावर कुणी शंका घ्यायची नाही.

मर्नाला हे सगळं ऐकून जरा हायसंच वाटलं. तिला काहीतरी कायद्याची अडचण असेल असं वाटलं होतं.

“कोर्टातली कबुली कुणी तशी खरी मानत नाही,” ती म्हणाली.

“तुमच्या शहरात.”

मग तिनं त्याच्याकडून उत्तरं पाठ करून घेतली.

नोव्हेंबरमधल्या एका सकाळी ते घडलं. नोरीन ऑक्सिजनची नळी लावून दुसऱ्या बाकावर बसली होती आणि शेजारी, चर्चच्या काळ्या पोशाखात, आयडेल. शिक्षेआधी मृताच्या घरच्यांना बोलता येतं. ती बोलणार होती, हे ओरिनला तिथं पोचल्यावर कळलं.

ग्रिग्ज साहेबांनी विचारलं, कुणी धमकी दिली का? ओरिन म्हणाला, नाही. आपल्या खुशीनं कबूल करताय ना? हो, साहेब. दोन्ही उत्तरं पाठ होती.

“मग सांगा. तुमच्या शब्दांत.”

ओरिननं समोरच्या भिंतीकडे बघत मर्नाचे शब्द सांगितले. रस्टीकडे पिस्तूल आहे हे ठाऊक होतं. तो दुकान लुटायला चाललाय हेही ठाऊक होतं. तरी आपण त्याला नेलं.

“ठाऊक होतं?”

“होतं, साहेब.”

साहेबांनी कबुली स्वच्छ असल्याचं नमूद केलं. मग आयडेल उभी राहिली. तिच्या हातात कागद नव्हता.

“मी वेगळंच बोलायला आले होते,” ती म्हणाली. “ब्रदर ओरिन, बर्फात चालत येऊन तुम्ही आमची भट्टी दुरुस्त करून दिलीत, ते सांगणार होते. या माणसाला ठाऊक नव्हतं, याला सोडा, म्हणणार होते. आता तुम्हीच उभं राहून सांगितलंत. म्हणजे ते तसंच आहे. कबूल करणाऱ्याला आपण क्षमा करतो. मलाही करावी लागेल. आज नाही जमायचं.”

ओरिनची मान वळायला लागली. मर्नानं त्याची बाही घट्ट धरली.

“आरोपीला काही म्हणायचंय?” साहेबांनी विचारलं.

ओरिननं टंकलेखिकेच्या बोटांकडे पाहिलं.

“नोरीनला यातलं काही ठाऊक नव्हतं,” तो म्हणाला. “तेवढं खरं आहे.”

साहेबांचा पेन थांबला. “तेवढं? म्हणजे बाकीचं?”

एक शब्द पुरला असता. सौदा मोडला असता, निळ्या खुर्च्यांवर ज्युरी येऊन बसली असती. मर्नाची बोटं त्याच्या दंडात रुतली होती. मागे नळीतून ऑक्सिजनचा बारीक सुस्कारा ऐकू येत होता.

“बाकीचंही, साहेब.”

बारा वर्षांची शिक्षा झाली. शेरीफच्या माणसानं बेड्या घालायला हात पुढे करायला सांगितले तेव्हा ओरिननं वळून बघितलं.

आयडेल नोरीनच्याच बाकावर परत येऊन बसली होती. फक्त दोघींच्या मधे तिनं आपली पर्स ठेवली होती.