उलट्या वळणाचे सरगुंडे

"फोन खाली कर, खाली! मले तुहं थोबाड नाई पाहायचं, गंज दाखव."

सुभद्राबाईंनी मोबाईल माठाला टेकवून उभा केला होता आणि पिठाचे हात हवेत धरून त्या पडद्यावर ओणवल्या होत्या. तिकडे जर्मनीत त्यांच्या लेकाने, अविनाशने, शेगडीवर पाण्याचं भांडं ठेवलं होतं. दर रविवारची ही शाळा. मास्तरीण वरवट बकाल गावच्या ओसरीत आणि विद्यार्थी सातासमुद्रापार!

"उकळी आली का?"

"आली."

"मीठ?"

"टाकलं ना आई."

"मंग सोड आता. आन चमच्यानं घोटत बसू नको बाबू, लापशी होते त्याची."

अविनाशच्या पोटाला मैदा सोसत नसे आणि तिकडच्या दुकानांत तर पांढऱ्या पास्त्याचे नुसते ढीग. अख्ख्या गव्हाचा शोधता शोधता बिचाऱ्याने काय काय घरी आणलं! एकदा तपकिरी रंग पाहून पाकीट उचललं, तर आत मसुराच्या शेवया निघाल्या. दुसऱ्यांदा कुठल्याशा काळ्या धान्याच्या, त्या कडूशार. शेवटी एका तुर्की दुकानात खऱ्या गव्हाचा सापडला, तेव्हा त्याच्यापेक्षा सुभद्राबाईंनाच जास्त आनंद झाला होता. निथळल्यावर तुपाचं बोट फिरव म्हणजे चिकटत नाही, उरलेल्या पाण्यात गूळ टाकून पी, फेकू नको, हे सगळं शहाणपण त्यांनी फोनवरून पोचवलं होतं. घरचं पाठवते म्हटलं की पोरगा घाईघाईने नको म्हणायचा. विमानतळावर काढून फेकतात म्हणे. अन्न फेकतात म्हटल्यावर कोणती माय पाठवील?

"आज काय आणलं?"

"त्याच दुकानातलं. आता तिथं सरगुंड्यासारखंबी भेटते, आई."

"काय सांगतं! दाखव बरं."

अविनाशने ताटली फोनसमोर धरली. सुभद्राबाई आधी हसल्या, मग हसू तसंच राहिलं आणि डोळे बारीक झाले.

ते सरगुंड्यासारखं नव्हतं, ते सरगुंडेच होते. गव्हाच्या घट्ट पिठाची दोरी करून काडीवर गुंडाळायची, काडी अलगद ओढून घ्यायची आणि उरलेलं वेटोळं उन्हात वाळवायचं. यंत्रातून काढलेलं आणि हाताने वळलेलं यांतला फरक आंधळ्यालाही कळावा. आणि हे हात तर ओळखीचे होते. गावातल्या झाडून साऱ्या बायांच्या सरगुंड्याचं वळण एका बाजूला जातं, शेजारच्या गीताबाईचं तेवढं उलट, कारण गीताबाई डावखुरी. दरवर्षी तिचे सरगुंडे वेगळ्या लुगड्यावर वाळत घालताना बाया तिला चिडवायच्या. अविनाश त्याच अंगणात खेळत मोठा झाला, पण वळण कुठल्या अंगाला आहे हे पाहायचं त्याला काय पडलं होतं?

असेल, सुभद्राबाईंनी मनाला समजावलं. गीताने मायेने पाठवले असतील कोणाबरोबर. अविनाश सांगायला विसरला असेल. पण त्याने ताटली बाजूला घेतली आणि मागचा ओटा दिसला. ओट्यावर एका डब्यात अनारसे होते आणि त्यांच्या शेजारी तांब्याचा नवाकोरा दिवा.

धोंड्याचा महिना चालू होता. तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या या अधिक महिन्यात अनारसे आणि तांब्याचा दिवा कोण कोणाला देतं, हे सुभद्राबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. तो मान फक्त जावयाचा.

"आई? आवाज येते ना?"

"येते. झाकण ठेव त्याच्यावर," त्या म्हणाल्या आणि कोपराने फोन बंद केला.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला भगवंतराव पेरणीसाठी सोयाबीन निवडत बसले होते. एरवी अविनाशचा फोन संपला की ते चार गोष्टी विचारायचे. आज त्यांनी मान वर केली नाही. म्हणजे यांनाही ठाऊक होतं.

"दिवाळीनंतर तुम्ही आळंदीले गेलते."

"हं."

"आळंदीले का पुण्याले?"

भगवंतरावांच्या हातातले दाणे परातीत पडले.

"कोर्टात झालं," ते म्हणाले. "गीताची सुचिता संक्रांतीनंतर तिकडं गेली. पोट्टी चांगली आहे, सुभद्रा."

"वाईट आहे म्हणलं का मी? पहिल्या नवऱ्याचं घर सोडून आली तवा लोक तिच्या मायले नाई नाई ते बोलत होते. कोन उभं राह्यलं होतं अंगणात? मी का तुमची आळंदी?"

"तू नाईच म्हटलं असतं."

"विचारलं कोनं?"

भगवंतरावांनी परात पुढे ओढली.

दिवाळीला आलेला अविनाश पुण्याहूनच परत गेला होता आणि गीताबाईही तेव्हा तिथेच होती. सुचिताचा पाय मुरगळला म्हणून गेली होती आणि येताना सुभद्राबाईंसाठी हिरवी साडी घेऊन आली होती. काऊन वं एवढी महाग, असं विचारलं तर म्हणाली, असू दे, आवडली. म्हणजे एकुलत्या एका पोराच्या लग्नाची साडी आपण अंगावर मिरवली आणि आपल्यालाच ठाऊक नाही! बाप होता, सासू होती, सह्या झाल्या, पेढे खाल्ले असतील. आणि पोराची माय इथे त्याच दिवशी म्हशीला सरकी घालत असेल.

याहून वाईट आठवण पुढे होती. दिवाळीपासून सुभद्राबाई अविनाशसाठी मुली पाहत होत्या आणि दर वेळी सोबतीला गीताबाईला नेत होत्या. गीताची नजर पारखी, असं त्याच सगळ्यांना सांगत. शेगावच्या मुलीचं नाक बसकं आहे म्हणाली. खामगावची फार हसते म्हणाली. एका गोऱ्यागोमट्या मुलीत काही सापडेना, तर तिच्या घराची पायरी चुकीच्या दिशेला आहे म्हणाली. आणि सुभद्राबाईंनी ते सगळं खरं मानलं. केसाने गळा कापणं म्हणतात ते दुसरं काय असतं?

"पीठ तिंबलं का वं?"

गीताबाई पदर खोचत, आपली काडी घेऊन अंगणातून वर आली. भगवंतराव परात उचलून गोठ्यात गेले. गोठ्यात त्यांचं तसं काही काम नव्हतं. गीताबाई नेहमीच्या जागी मांडी घालून बसली, पिठाचा गोळा ओढून घेतला आणि डाव्या हाताने भराभर दोरी गुंडाळायला लागली.

सुभद्राबाईही समोर बसल्या. त्यांनी ठरवलं, आपण विचारायचं नाही. तिला सांगायची संधी द्यायची. माणूस आहे, सांगेल.

"सुचिता कशी आहे?"

"मजेत आहे. काम लय असते म्हणे."

"पुण्यातच ना?"

गीताबाईची काडी क्षणभर थांबली.

"मंग? अजून कुठी जाईन?"

सुभद्राबाईंनी एक सरगुंडा केला, लुगड्यावर ठेवला.

"हा महिना निघाला की देऊळगाव राजाची पोट्टी पाहून येऊ. तू येतं ना?"

"येतो ना. पण ते लोक लय कंजूस आहेत, आईकलं मी. तू घाई करू नको, सुभद्रा. आपल्या अविनाशले काय पोरींची कमी आहे?"

आपल्या अविनाशले! सुभद्राबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. राग आला असता तर बरं झालं असतं. राग कसा, भांडून मोकळा होतो.

त्या उठल्या. आत जाऊन देवापुढचा पाट घेऊन आल्या, ओसरीत भिंतीशी मांडला आणि त्यावर घडीची चादर घातली. मग गीताबाईपुढे वाकून त्यांनी तिच्या हातातली काडी काढून घेतली.

"असं खाली नका बसू. पाटावर बसा."

"आता हे काय नवं काढलं?" गीताबाई हसली. "थट्टा करतं का?"

"थट्टा कशाची? विहीणबाईंनं घरी येऊन पीठ वळलं तर गाव मले नाव ठेवीन. उठा. हात धुवायले पाणी देते."

गीताबाईचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. ती उठली नाही, तशीच गुडघ्यांवर पुढे सरकली आणि तिने सुभद्राबाईंचे दोन्ही हात धरले.

"पोरं म्हणे, आई ऐकणार नाई. मी रोज सांगीन सांगीन म्हणत होतो, माय. जीभच उचलली नाई. शिव्या दे मले. दोन थोबाडीत मार, पण असं तुम्ही तुम्ही नको करू."

"विहिणीवर कोनी हात उचलते का?"

सुभद्राबाईंनी आपले हात सोडवून घेतले. तांब्याभर पाणी आणून तिच्या हातांवर घातलं, पुसायला स्वच्छ टॉवेल दिला आणि कुंकवाचा करंडा आणला. गीताबाई पाटाच्या कडेवर अवघडून टेकली, डोळे पुसत. सुभद्राबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. लेकाची सासू पहिल्यांदा घरी आली की जे करायचं, ते सगळं त्या रीतसर करत होत्या. कोणाला बोट ठेवायला जागा नको.

मग त्या आत गेल्या. गॅसवर आधण ठेवलं, पत्ती टाकली. लग्न होऊन दोघी या गल्लीत आल्या तेव्हापासून दुपारचा चहा एकीच्या घरी नाही तर दुसरीच्या घरी, पण एकत्रच. साखरेचा डबा हातात घेऊन सुभद्राबाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पाटावरच्या पाहुणीला त्यांनी अगदी अदबीने विचारलं,

"तुम्ही साखर किती घेता?"