जावयाचा चार्जर

दगाजीशेठच्या बावीस शाळाबस मे महिन्यात पाथर्डी फाट्याजवळच्या गॅरेजात ओळीनं उभ्या राहत. महिना-दीड महिना इंजिन बंद, म्हणजे बॅटऱ्या बसणारच. गेल्या जूनमध्ये निम्म्या बस धक्का मारून चालू कराव्या लागल्या आणि शाळेच्या पहिल्याच दिवशी पोरं तासभर रस्त्यावर ताटकळली. म्हणून यंदा शेठनी संजनाला सांगितलं, दहा वर्षं बघायला नको असा चार्जर निवड.

संजना गॅरेजची इलेक्ट्रिशियन. आयटीआयचं सर्टिफिकेट असलेली तिथं ती एकटीच. आठ दिवस ती दुकानं हिंडली. चार्जर उचलून पाहिले, झाकणं उघडायला लावली, आतलं वाइंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं ते तपासलं, दुकानदार कंटाळेपर्यंत प्रश्न विचारले. शेवटी एक पसंत केला. दिसायला ओबडधोबड, उचलायला दोन हात लागायचे; पण बॅटरी भरली की आपोआप थांबणारा आणि चिमटे उलटे लागले तरी न जळणारा.

त्याच सुमारास शेठच्या जावयानं अंबडला चार्जर जुळवायचा कारखाना काढला. एका सकाळी शेठनी त्याचा चकचकीत चार्जर संजनासमोर ठेवला, सोबत एक कागद. उपकरण तपासलं, सुरक्षित आहे, असं शाळांना लिहून द्यावं लागे आणि त्यावर जाणकाराची सही लागे.

शेठ मूळचे सटाण्याचे. लाडात आले की बोलणं तिकडच्या अहिराणीकडं वळे. “आपलं घरनंच शे ते,” म्हणाले. “सही करी टाक.”

तिनं आधी लावून बघते म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत त्याच्या पत्र्याला हात लावता येईना. बॅटरी भरली तरी तो थांबेना. मीटरचा आकडा साडेचौदा व्होल्टच्या आसपास थांबायला हवा, तो सोळाकडे चालला. बॅटरीतलं पाणी खदखदू लागलं, ॲसिडच्या वाफेनं तिचा घसा धरला. तिनं प्लग ओढला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बॅटरीवर तेच झालं. अशा उकळत्या बॅटरीतून निघणाऱ्या वायूला एक ठिणगी पुरते, हे तिला ठाऊक होतं. भिमाजी फोरमनचं म्हणणं, सही करून मोकळी हो, बघायला कोण येतंय?

पण चार्जिंगच्या शेडची मागची भिंत हीच तिच्या घराची भिंत होती. वडील निवृत्ती याच गॅरेजचे वॉचमन. शेडला लागून असलेली खोली त्या नोकरीबरोबर मिळालेली. आई सुलाबाई त्याच भिंतीला पाठ लावून भाजी निवडत बसायची. सही केली तर भिंतीपलीकडं धोका, नाही केली तर भिंतच जायची.

संध्याकाळी तिनं वडिलांना सगळं सांगितलं.

“खोलीसाठी म्हणून सही करू नको,” ते म्हणाले. “पण खोली जाणारच नाही, असं समजूनही नाही म्हणू नको.”

सकाळी तिनं कागदावर दोन्ही दिवसांचे आकडे लिहिले, खाली ‘वापरण्यास अयोग्य’ लिहून सही केली आणि नेऊन दिला. शेठ चिडले नाहीत. चहा मागवला, कागदाची घडी करून खणात ठेवली. चौथ्या दिवशी जावयाचे चार चार्जर आले. त्यांच्या कागदावर अंबडच्या कुणा इंजिनिअरची सही होती.

“तुझा यांच्यावर भरवसा नाही ना, मग तूच सांभाळ,” म्हणत शेठनी शेडची किल्ली तिच्या हातात ठेवली.

तिनं निदान एक टायमर तरी आणू द्या, म्हणून विनवलं.

“टायमर कशाला? तू आहेस की.”

तेव्हापासून ती सकाळी शेडमध्ये शिरे ती दिवेलागणीला बाहेर पडे. दर अर्ध्या तासाला एकेका बॅटरीला मीटर लावायचा, आकडा चढला की प्लग ओढायचा. जेवण दारात उभ्यानं. शर्टाला ॲसिडची भोकं पडली. मधे ओझरच्या एका वर्कशॉपमधून मुलाखतीचा फोन आला. त्या दिवशी चारही चार्जर चालू होते. भिमाजीला तिनं थोडा वेळ थांबायची गळ घातली, पण त्यानं ऐकलं नाही. बंद करून जावं, तर दुसऱ्या दिवशी सहा बस आरटीओत पासिंगला जायच्या होत्या. ती गेली नाही.

जूनमध्ये शाळा उघडल्या. बावीसच्या बावीस बस पहिल्याच सेल्फला चालू झाल्या. शेठनी पेढे वाटले आणि शाळेच्या माणसांना जावयाचा चार्जर कौतुकानं दाखवला. एक पेढा संजनाच्या हातावर ठेवून म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीतही हे काम तुझ्याकडंच. तुझ्याइतकं दुसऱ्या कुणाला जमत नाही.

ओझरची जागा भरल्याचं तिला आदल्या दिवशीच कळलं होतं. दारात निवृत्ती उभे राहून ऐकत होते. तिनं त्यांच्याकडं पाहिलं नाही.

“बरं,” ती म्हणाली आणि मीटरचं बटण बंद केलं.