खुनी माझ्या कपाटात

आमच्या घरात रहस्यकथा आली की तिचं शेवटचं प्रकरण मी ब्लेडनं कापून काढतो आणि कपाटात कुलूपबंद करतो. ऐकणाऱ्याला हा विकृतपणा वाटतो. वाटू दे. त्याची बायको पुस्तक शेवटाकडून वाचत नसणार.

आमची ही वाचते. बरं, वाचून गप्प बसावं, तर तेही नाही. मी नुकता कुठे प्रेतापर्यंत पोचलेलो असतो आणि ही जेवायला वाढता वाढता सहज म्हणते, ‘‘तो डॉक्टर किती गरीब स्वभावाचा दाखवलाय, नाही?’’ झालं! उरलेलं अख्खं पुस्तक मी डॉक्टरकडे डोळे वटारून बघत काढायचं. म्हणून ब्लेड. आधीची पानं दोघांची वाचून झाली की मी खिशातून किल्ली काढतो आणि शेवट दोघं मिळून वाचतो. संसार टिकवायला लोक काय काय करतात. आम्ही एवढंच केलं.

ही व्यवस्था आमच्या चिरंजिवांना ठाऊक नव्हती, कारण चिरंजिवांनी जन्मात कुठलंही पुस्तक शेवटापर्यंत नेलेलं नाही. आम्ही दोघं लेकीकडे राहून परत आलो, तर बाहेरच्या खोलीतली पुस्तकांची मांडणी भुईसपाट, आणि तिच्या जागी घरातल्या घरात चालायचं यंत्र. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला ज्याला स्कूटर लागते, त्यानं ते आणलं होतं.

‘‘पुस्तकं कुठायत?’’

‘‘वाचनालयाला दिली, बाबा. धूळ किती व्हायची! आणि आईचे डोळे आता बारीक अक्षराला दाद देत नाहीत. हे घे आई.’’ त्यानं पाटीसारखी एक काळी चपटी वस्तू हिच्या हातात ठेवली. ‘‘यात हजारो पुस्तकं मावतात. अक्षर हवं तेवढं मोठं करायचं.’’

‘‘माझी पुस्तकं, मला न विचारता?’’

‘‘सरप्राइज होतं, बाबा.’’

दरोड्याला हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला.

मी तडक वाचनालय गाठलं. ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कळवळून सांगितलं, ‘‘काका, दान एकदा जमा झालं की परत देता येत नाही. नियम आहे. पण तुमचं मन मोठं!’’ माझं मन अजिबात मोठं नाही, हे मी त्यांना दोन-तीन प्रकारे समजावून सांगितलं. त्यांनी मला पाणी दिलं.

इकडे ही फितूर झाली होती. अक्षर भोपळ्याएवढं करून खिडकीत बसायची आणि स्वतःशीच हसायची. किती तरी दिवसांनी तिला कुणाच्या मदतीशिवाय वाचता येत होतं. ते सुख मला दिसत होतं, म्हणून दात-ओठ खाऊनही गप्प होतो. लोक छापील पुस्तकाच्या वासाचं कौतुक करतात. वासाचं मला काही नाही. आमच्या पुस्तकांना झुरळांच्या औषधाचा वास यायचा. माझं म्हणणं एवढंच, की पुस्तक कापता आलं पाहिजे. या यंत्रात एक बोट फिरवलं की ही थेट शेवटच्या पानावर! वर मला विचारते, ‘‘सांगू?’’

आठवड्याभरानं ग्रंथपाल दारात. चष्मा कपाळावरच, पण खाली घामाच्या धारा.

‘‘काका, हा काय प्रकार आहे? एकाही पुस्तकाला शेवट नाही!’’

‘‘असं?’’ मी म्हणालो.

‘‘औषधाच्या दुकानवाल्यानं शिंप्यावर पानं फाडल्याचा आळ घेतला. शिंपी म्हणतो, मी कापलं असतं तर इतकं वाकडं कापलं असतं का! दोघं माझ्या टेबलावर येऊन भांडतात. मेला कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे, मारलं कुणी ते कुणालाच नाही. उद्या मीच मेलो, तरी कुणाला नवल वाटणार नाही!’’

‘‘शेवट आहेत ना. कपाटात. आधी पुस्तकं परत आणा.’’

‘‘नियम आहे हो...’’

‘‘मग खुनी सुटले.’’

तेवढ्यात आतून किंकाळी आली. ही यंत्र हातात धरून बाहेर आली. ‘‘अहो, माझं पुस्तक गेलं! काल रात्री होतं, आज नाही.’’

चिरंजीव चालायच्या यंत्रावर टॉवेल वाळत घालत होते. त्या यंत्राचा तेवढा एक उपयोग आम्हाला सापडला होता. त्यांनी काळी पाटी हातात घेतली, चार ठिकाणी बोट लावलं. ‘‘कंपनीनं काढून घेतलंय. प्रकाशकाशी काहीतरी बिनसलं असेल.’’

‘‘काढून घेतलं म्हणजे?’’ ही कडाडली. ‘‘विकत घेतलं होतं ना आपण? दूधवाला काल प्यायलेलं दूध परत न्यायला येतो का? खुनी कोण ते कळलंय मला, आता मेलं कोण ते कळायचंय!’’

‘‘आई, तसं नसतं ते. आपण पुस्तक विकत घेतच नाही. वाचायची परवानगी घेतो. ती कंपनी कधीही मागे घेऊ शकते.’’

‘‘चोर मेले!’’ ग्रंथपाल उत्स्फूर्तपणे म्हणाले.

माझ्या अंगाची मात्र इतक्या दिवसांची लाही एकदम शांत झाली. मी चिरंजिवांना जवळ बोलावलं. ‘‘बाळा, हे पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं सांग. ग्रंथपालांना ऐकू गेलं पाहिजे.’’

त्यानं सांगितलं. भोळा आहे, आईवर गेलाय.

‘‘ऐकलंत?’’ मी ग्रंथपालांना म्हणालो. ‘‘मीही तुम्हाला पुस्तकं दिलेली नाहीत. वाचायची परवानगी दिली होती. ती मी आत्ता मागे घेतली.’’

ग्रंथपालांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. ‘‘नियमात बसतंय की नाही, कुणास ठाऊक. पण औषधवाल्याला आजच्या आज खुनी मिळणार असेल, तर बसवतो.’’

संध्याकाळी टेम्पो आला. चालायचं यंत्र चिरंजिवांच्या खोलीत, थेट पलंगाच्या पायथ्याशी गेलं. औषधवाला आणि शिंपी टेम्पोमागोमाग येऊन पायरीवर बसले, एकाच प्रकरणात डोकी घालून. ‘‘भाचा निघाला!’’ असा दोघांचा मिळून चीत्कार उठला आणि आळ मिटला.

हिच्या गेलेल्या पुस्तकाची छापील प्रत मी मुद्दाम दुकानातून आणली. काळी पाटी तिनं ठेवलीय. अक्षराची सोय आहे, नाकारून चालायचं नाही. पण हे पुस्तक मी मोठ्यानं वाचून दाखवायचं ठरलं. बसण्याआधी सवयीनं शेवटचं प्रकरण कापलं, कपाटात ठेवलं, किल्ली फिरवली.

ही माझ्याकडे बघून गोड हसली. का हसली, ते माझ्या ध्यानात पहिलं पान संपता संपता आलं. कुलूप या खेपेला फक्त मलाच लागलं होतं.

‘‘एक शब्द बोलायचा नाही,’’ मी बजावलं.

‘‘मी कशाला बोलू?’’

तिसऱ्या पानावर बागेत माळी आला. ही खोकली.