डाव्या खांद्यावरची पदकं

पौषातलं ऊन. कोवळं, केशरी, करडईच्या काट्यांवरून जपून पाऊल टाकत येणारं. सोनकड्याच्या काळ्याकभिन्न कपाळावर ते आधी टेकलं, मग दवभरल्या हरभऱ्यात भिजलं, मग कणसांच्या भारानं झुकलेल्या ज्वारीवरून सुवर्णसरीसारखं ओघळलं. गावात पोचेपर्यंत चांगलं तापलं होतं.

कड्याचंच नाव गावाला. सोनकडे हे फौजेचं गाव. घरटी एकजण सैन्यात, काही घरांत बापलेक दोघंही. इथं पाळण्यातलं पोर रडलं तर आई त्याला 'सावधान' म्हणते, अशी शेजारच्या गावांची चेष्टा. पोर गप्प होतं, हे सोनकडेकरांचं उत्तर.

पौषाच्या शेवटच्या रविवारी इथं शाळेच्या पटांगणात, स्मृतिशिळेच्या शीतल सावलीसमोर, गावचे निवृत्त जवान रांगेत उभे राहतात. छातीवर पदकं लावतात, न परतलेल्यांना सलामी देतात. या दिवसाचं बोलावणं कुणाला जात नाही. ज्यानं वर्दी घातली त्यानं यावं, इतकाच रिवाज.

म्हणून शरयू आली.

मोरपंखी इरकल नेसून आली. अंबाड्यावर अबोलीचा गजरा, कानांत कुड्या, हातात निळी मखमली डबी. शरयू शेडगे, निवृत्त हवालदार, पायदळ. ती गावातून शेवटची गेली तेव्हा तिला दुसरं नाव होतं आणि मिशी होती. शहरात तिनं दोन्ही उतरवून ठेवलं. जी जन्मापासून आत होती, अंधारात, अबोल, अनामिक, तिला हाताला धरून उजेडात आणलं. दवाखाने झाले, दुखणी झाली, एकटेपणाची लांबलचक वर्षं झाली. पण आरशाशी तिचं भांडण मिटलं, आणि त्यापुढं बाकी सगळं तिला स्वस्तच वाटलं.

गाव वाईट वागलं नाही. खोटं कशाला बोला? गावानं फक्त आपली एक सोय करून घेतली. 'आपला हवालदार गेला,' असं गाव म्हणू लागलं, मऊ आवाजात, मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. शहरातली ही बाई कुणी निराळी. शहरात गेलं तर तिच्याकडं पाणी प्यावं, चहा प्यावा, पण सरहद्दीवरच्या बर्फाबद्दल विचारू नये.

हेच शरयूला सोसत नव्हतं. शिवी तिनं पचवली असती, फौजेत शिव्या नाश्त्याला असतात. पण जिवंतपणी आपल्याच श्राद्धाचं जेवण कुणाला गोड लागेल?

बर्फ तर तिचा होता. उत्तरेकडची ती चौकी, शुभ्र, निःशब्द, निर्वृक्ष. निळ्या हिमनदीच्या पाठीवर निळीच पहाट उगवायची, आणि वारा असा वाहायचा की शब्द ओठांवरच गोठावा. तिथं सगळे सारखे. थरावर थर चढवलेल्या कपड्यांत माणसाच्या फक्त पापण्या दिसायच्या, आणि पापण्यांवरचा हिमकण. कुणाची चाल कशी, कुणाची छाती किती, हे पाहायला तिथं ना सवड होती ना जागा. आरसा तर नव्हताच. इतरांना ते हिम म्हणजे मरण वाटे. तिला ते माहेरासारखं वाटायचं, आणि असं वाटल्याबद्दल ती स्वतःलाच हसायची.

तिथंच, स्टोव्हवर बर्फ वितळवताना, तिनं किसनला सांगितलं. नायक किसन मोकाशी, याच गावचा, तिच्याशी एकाच दोरानं बांधला जाऊन गस्त घालणारा जोडीदार. "किसन, मी बाई हाय." एवढंच. किसननं पातेल्यात आणखी बर्फ टाकला. पातेलं ढवळलं.

"बरं," तो म्हणाला. "पण उद्याच्याला दोर तूच धरणार न्हवं?"

दोर तिनंच धरला. ऋतूमागून ऋतू धरला. आणि ज्या दुपारी किसनच्या पायाखालचं हिम फाटलं, ज्या दुपारी ती निळी, निर्मम, निस्तब्ध भेग त्याला गिळायला उघडली, तेव्हाही तिनंच धरला. हातमोजे फाटले, कातडी सोलली, दोर सुटला नाही. तिनं किसनला वर ओढलं तेव्हा त्याच्यात प्राण नव्हता. त्याला पाठीवर घेऊन ती चौकीपर्यंत चालत आली, कारण मेलेल्या जोडीदाराला बर्फात एकटं ठेवायचं नसतं. त्याबद्दल तिला पदक मिळालं. तेच या डबीत होतं, बाकीच्या पदकांच्या शेजारी. ते कुणा गेलेल्या हवालदाराचं आहे, असं म्हणवून घ्यायला ती तयार नव्हती.

पटांगणाच्या कडेच्या वर्गात वीरपत्नी औक्षणाची तबकं मांडत होत्या. सोनकड्यात औक्षणाचा मान त्यांचा. फाटकाशी घुटमळणारी शरयू पहिल्यांदा दिसली ती अनसूयेला, किसनच्या बायकोला. तिला तिरंग्याची घडी शरयूनंच आणून दिली होती, तेव्हाच्या वर्दीत, तेव्हाच्या नावानं. अनसूया "भाऊजी" म्हणायला गेली, शब्द ओठांतच थबकला, डोळे इरकलीच्या काठावरून एकदा फिरले.

"वन्सं! तितं काय उभ्या ऱ्हायलाय? आत या की!"

एका श्वासात दिराची नणंद झाली. ना भटजी, ना मुहूर्त. शरयूच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि ते लपवावं असं तिला मुळीच वाटलं नाही.

आत गुळाचा चहा झाला. साडीची चौकशी झाली, गजरा कुठून आणला ते झालं. बोलता बोलता अनसूयेनं डबी उघडली, पदकं पदरानं पुसली, आणि सराईत हातानं शरयूच्या उजव्या बाजूला लावून टाकली.

उजव्या बाजूला! फौजेचा एक साधा रिवाज आहे. ज्यानं पदक कमावलं तो ते डावीकडं लावतो. जो गेला, त्याचं पदक त्याच्या घरची माणसं उजवीकडं लावतात. त्या वर्गातल्या साऱ्याजणींची पदकं उजवीकडं होती, अनसूयेच्या अंगावरची किसनची सुद्धा. डावीकडं पदक लावलेली बाई त्या गावानं कधी पाहिलीच नव्हती. अनसूयेच्या मनात काही नव्हतं, तिच्या हाताला दुसरी जागाच ठाऊक नव्हती.

खिडकीच्या काचेत शरयूनं स्वतःला पाहिलं. सुंदर दिसत होती ती. सुंदर, आणि स्वतःचीच विधवा.

राहू द्यावं का असंच? क्षणभर तिला मोह झाला. इथं ऊब होती, खुर्ची होती, वन्सं म्हणणारं माणूस होतं. ज्या दाराबाहेर ती जन्मभर उभी राहिली, ते दार आज आपणहून उघडलं होतं, आणि उंबरा ओलांडल्याबरोबर भांडण काढायचं? उजवीकडची पदकं मिरवत ती या बायकांत बसली असती तर गावाचंही समाधान झालं असतं. फक्त दोर धरणारे हात कुणाचे, ते कायमचं पुसलं गेलं असतं.

"वहिनी," ती म्हणाली, "ही डावीकडं लावा."

"अवो, डावीकडं पदर हाय न्हवं?"

"पदरावर लावा."

"पर बायकांची तर उजवीकडंच..." अनसूया थांबली.

"माझं कुणी मेलेलं न्हाई, वहिनी." शरयूचा आवाज चढला नाही, कापलाही नाही. "किसन गेला, तो तुमच्या उजवीकडं हाय. ही माझी. दोर मी धरला हुता."

बाकीच्या बायकांनी हातातली तबकं खाली ठेवली. निरांजनांच्या ज्योती तेवढ्या लवत राहिल्या. अनसूयेनं शरयूचे हात उलटे केले, सुलटे केले. हिरव्या बांगड्यांच्या खाली हिमदंशानं काळवंडलेली बोटं, नखं गेलेली, तळव्यातून आडवा गेलेला दोराचा जुना वण. त्या वणावर तिनं आपला अंगठा ठेवला. नवऱ्याचं वजन त्या हातांनी शेवटचं पेललं होतं, हे तिला ऐकून ठाऊक होतं. पाहिलं मात्र आज.

"मला मेलीला सुचलंच न्हाई बगा," ती म्हणाली, आणि रडता रडताच कामाला लागली.

तिनं उजवीकडची पदकं काढली. शरयूचा पदर डाव्या खांद्यावर चापून घडीवर घडी घातली. पण पदकं जड, टाचणीला दाद देईनात. तेव्हा तिनं सुईदोरा मागवला, पदर, झंपर आणि पदकांची पट्टी एकत्र टाक्यांनी शिवून टाकली, आणि दातानं दोरा तोडला.

"आता पळत गेलात तरी हालायची न्हाईत."

बाहेर शिट्टी वाजली.

पटांगणात सुभेदार दौलतराव इंगवले उभे होते, धवलमिशीचे, ताठकण्याचे, शब्दकंजूष. त्यांच्यासमोर गावचे जुने जवान. कुणाचा कोट आखूड झालेला, कुणाचा गुडघा कुरकुरणारा, पण बूट सगळ्यांचे लखलखीत. त्यांच्याकडं शरयू चालत निघाली. लाल माती, मोरपंखी काठ, दोन्हींमधून झळकणारं पाऊल. चाल लपवायचं तिनं कधीच सोडलं होतं. ती बाईची होती आणि फौजीचीही होती, आणि दोन्ही तिला छान जमत होत्या.

"बाई, खुर्च्या तिकडं मांडल्यात," नायक हैबत माने म्हणाला, चांगल्या मनानंच.

शरयू तिथंच उभी राहिली. सुभेदारांनी तिच्याकडं पाहिलं. तिच्या पदकांकडं पाहिलं, मग त्यांच्या जागेकडं. रंगरूट म्हणून ती भरती झाली तेव्हा तिला पाऊल टाकायला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी शिट्टी खिशात टाकली. भाषण त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. हुकूम मात्र जमत होते.

"लंबा दाहिने, छोटा बाएँ, एक लाइन में खडे हो!"

सर्वांत उंच माणूस उजव्या टोकाला, सर्वांत बुटका डाव्या. भरतीच्या पहिल्या दिवसापासून हाडांत मुरलेला हुकूम. उजवं टोक इतकी वर्षं हैबतचं, आणि त्याचा त्याला भारी तोरा. शरयू त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हैबतनं बाजूला पाहिलं, मग जरा वर पाहिलं. अंबाडा सोडून मोजलं तरी ती बोटभर वरच होती. त्यानं सुभेदारांकडं पाहिलं, ते आभाळाकडं पाहत होते. उंचीपुढं कुणाचं काय चालणार? हैबत एक पाऊल डावीकडं सरकला. त्याच्यापुढचा सरकला, त्याच्याही पुढचा सरकला, आणि ज्वारीतून झुळूक जावी तशी सगळी रांग हलत हलत एका माणसापुरती रुंद झाली.

"दाहिने... सज!"

हा रांग सरळ करण्याचा हुकूम. साऱ्यांनी मान उजवीकडं वळवायची आणि टोकाच्या माणसाशी आपली रेघ जुळवायची. एकदम, खाडकन, साऱ्या माना वळल्या. सुरकुतलेल्या, उन्हानं करपलेल्या, अभिमानी माना. चष्म्याआडचे, मोतीबिंदूचे, ओलसर डोळे. इतकी वर्षं तिच्यावरून घसरून जाणारे डोळे आता तिच्यावर येऊन टेकले. कुणाचा बूट पुढं होता, तो मागं आला. कुणाचा खांदा मागं होता, तो पुढं आला.

टोकाच्या माणसानं तेवढी मान वळवायची नसते. ती समोर पाहत राहिली, उन्नत, निश्चल, ऊनभरली. वाऱ्यानं इरकलीचा काठ हलला, ती हलली नाही. आणि तिच्यापासून सुरू होऊन, माणसामागून माणूस, पावलामागून पाऊल, सोनकड्याची रांग सरळ होत गेली.